बूर्सची भावकी

माझं काम मेलेल्या माशांची नाती लावण्याचं. जिवंत माणसांची नाती जुळवणाऱ्यांना निदान लग्नाचं जेवण मिळतं. मला मिळतो फॉर्मलिनचा वास, आणि त्या वासामुळे आमच्या बेटावरच्या रोझ हिलच्या बसमध्ये माझ्या शेजारची जागा बहुतेक वेळा रिकामी राहते. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी मत्स्यखात्याच्या नमुना-संग्रहात लागलो आणि अजून तिथेच आहे. केस पिकले, डोळे कायम लाल असतात, आणि माझे शर्ट वाळत घालायला घरी वेगळी दोरी आहे.

या अंकाच्या संपादकांनी सांगितलं, नोकरीतले गमतीचे अनुभव लिहा. गमतीचे थोडे आहेत, ते लिहितो. पण लिहायला बसलं की हात एकाच गोष्टीकडे जातो. माझा चुलतभाऊ भिकूदादा याची होडी गेली, ती माझ्या बोलण्यामुळे. यात लपवलेलं काही नाही. गावाला ते ठाऊक आहे, त्यालाही ठाऊक आहे. फक्त गावात ते एका वाक्यात सांगतात, आणि ते एका वाक्याएवढं नव्हतं.

आधी कामाबद्दल. किनाऱ्यावर कुणाला ओळखता न येणारा मासा सापडला की तो आमच्याकडे येतो. त्याला आधी फॉर्मलिनमध्ये मुरवायचं, मग धुऊन स्पिरिटच्या बरणीत घालायचं, परांतल्या काड्या मोजायच्या, चिठ्ठी बांधायची. मासा लहान असेल तर त्याचं मांस औषधानं पारदर्शक करून हाडं लाल रंगवायची. मग ग्लिसरीनमध्ये तो काचेचा दिसतो आणि आत लाल सांगाडा तरंगतो. याला आठवडे लागतात. दर वेळी नवे साहेब आले की विचारतात, याचा उपयोग काय? मी सांगतो, नातं हाडात असतं, रंगात नसतं. साहेब मान हलवतात आणि पुढच्या खोलीत जातात.

जगातल्या बहुतेक माशांच्या परांना आतून काड्यांचा आधार असतो, छत्रीला असतो तसा. या अफाट वंशाच्या बऱ्याच उशिरा फुटलेल्या फांदीवर एक चमत्कारिक घराणं बसलं आहे, आणि तेच माझ्या वाट्याला आलं. त्यात बूर्स आहे. त्याची कातडी चपलेला लावावी इतकी चिवट, आणि पाठीवरचा काटा एकदा उभा राहिला की मागच्या लहान काट्याची त्याला खिट्टी बसते. त्यात कोफ आहे, ज्याच्या खवल्यांची जुळून पेटी झाली आहे. बुलतांग आहे, जो पाणी पिऊन चेंडूसारखा फुगतो आणि ज्याचं काळीज खाल्लं तर माणूस मरतो. आणि सूर्यमासा आहे, मोठ्या टेबलाएवढा, शेपूट नसलेला. बघणाऱ्याला हे चौघे एका घरचे वाटणार नाहीत. पण कल्ल्याची फट सगळ्यांची बारीक, आणि वरच्या जबड्याची हाडं एकमेकांत जखडलेली. इटलीतल्या डोंगरांत दगडावर उमटलेले त्यांचे पूर्वज सापडले आहेत. ते पाहून मग आजचे पाहिले, तर या घराण्याचा इतिहास म्हणजे एकेक वस्तू सोडत जाणं आहे असं वाटतं. पोटाखालचे पर सोडले, मणके कमी केले, बुलतांगनं बरगड्या सोडल्या, सूर्यमाशानं शेपूट सोडलं. तरी सगळे जगले. संध्याकाळी थकल्यावर मला हे वाचायला बरं वाटतं.

ऐंशीच्या आसपास नाती लावण्याची नवी रीत आमच्यापर्यंत पोचली. तिचं म्हणणं असं, की कुणाकडे काय नाही यावरून नातं धरू नका. पोटाखालचे पर सापासारख्या वामेलाही नाहीत, म्हणून ती बुलतांगची बहीण होत नाही. ज्यांनी मिळून काही नवं मिळवलं, ते एका घरचे. मी पुन्हा सगळ्या बरण्या हलवल्या. शेपटीच्या बुडाशी सुऱ्या असलेला लिकोर्न नावाचा मासा आमच्याकडे खालच्या फळीवर होता. बूर्सच्या घराण्याला तोच सर्वांत जवळचा, असं काही अभ्यासक लिहू लागले, म्हणून मी त्याला वर चढवला. पुढे दुसऱ्यांनी शंका काढली, तेव्हा मी त्याला मधल्या फळीवर ठेवला. तो अजून तिथेच आहे आणि मीही.

एकदा दक्षिणेकडच्या किनाऱ्यावरून एक हवालदार आला. अर्धा मासा वाहून आला आहे, म्हणाला. मागचा भाग कुणीतरी कापून नेला, चोरीची तक्रार घ्यायची की नाही, ते तुम्ही सांगा. मी जीपमधून गेलो. तो सूर्यमासा होता, संपूर्ण. हवालदाराला मी समजावलं की याची जात अशीच, शेपूट नसतंच. त्यानं बराच वेळ माशाकडे पाहिलं आणि म्हणाला, "मस्ये, साहेब, मग उरलेला भाग शोधायचा नाही ना?" नाही म्हटल्यावर तो निर्धास्त झाला. दुसरे त्रियोलेचे एक ऊसवाले गृहस्थ. चक्रीवादळानंतर त्यांना शेतात कोफचं वाळलेलं कवच मिळालं. जमीन पूर्वी समुद्रात होती असं मी लिहून द्यावं, असा त्यांचा आग्रह होता. लिहून दिल्यावर काय करणार, असं विचारलं, तर म्हणाले, "शेजाऱ्याला दाखवीन. त्याचीही समुद्रात असणार मग." कवच बहुधा कुत्र्यानं कचऱ्यातून आणलं होतं. तसं मी सांगितलं, ते त्यांना आवडलं नाही.

अशी माणसं आली की दिवस बरा जायचा.

पणजोबा हिंदुस्थानातून या बेटावर आले, तेव्हापासूनचं आमचं मूळ गाव पश्चिमेला, रिव्हिएर न्वार भागात, किनाऱ्याला लागून. माझे वडील तिथून रोझ हिलला आले, थोरले काका तिथेच राहिले. भिकूदादा त्यांचा मुलगा. त्याची पिरोग होती, आमच्याकडची लाकडी होडी, आणि तो काझिए लावायचा. काझिए म्हणजे बांबूच्या कामट्यांचा विणलेला सापळा. आत शिरायला तोंड, बाहेर यायला वाट नाही. तो स्वतः विणायचा, अंगणात, रेडिओ लावून. प्रवाळाच्या कड्याच्या आतल्या उथळ पाण्यात ते बुडवून ठेवायचे आणि एक दिवसाआड उचलायचे. त्या पाण्यात त्याच्या सापळ्यांत जास्त करून बूर्सच येत. त्याची बायको रुक्मावहिनी ते सोलून, टबात घालून दारोदार विकायची. बूर्स सोलणं सोपं नाही. ती दाराच्या चौकटीला खिळा मारून त्यावर मासा अडकवायची आणि कातडी एका ओढीत काढायची, मोजा काढावा तशी. तिच्याकडून लोक घेत ते यासाठीच.

गावातल्या बैठकेचे प्रमुख सखारामतात्या. बैठका म्हणजे देऊळ, भाषेचा वर्ग आणि गप्पांची जागा, तिन्ही एकाच पत्र्याखाली. एका शनिवारी तात्यांनी मला बोलायला बोलावलं.

"आरती मराठीत, भजन मराठीत," ते म्हणाले. "पोरांना वाटतं ही बोली फकस्त देवाशी बोलायची. तू माशावर बोल."

मी लाल हाडांच्या बरण्या घेऊन गेलो. उभा राहिलो आणि कळलं की माझ्याकडे शब्द नाहीत. हिंदुस्थानात शिकत असताना गण आणि कुल असे शब्द मी पुस्तकात वाचले होते. ते त्या बाकांवर कुणालाच पोचले नसते. क्रेओलमध्ये, बेटावरच्या रोजच्या बोलीत, बोललो असतो तर तात्यांचा हेतू बुडाला असता. म्हणून मी भावकी म्हटलं. बूर्स, कोफ, बुलतांग, सूर्यमासा ही एक भावकी. आपलं जसं देवक असतं आणि त्यावरून एका घरचे ओळखू येतात, तसं यांचं देवक म्हणजे ही कल्ल्याची फट आणि हा जखडलेला जबडा. आता वेगवेगळ्या घरांत राहतात, चेहरे बदलले, एकमेकांकडे जाणं-येणं नाही, पण मूळ पुरुष एक.

लोकांना ते एकदम पटलं. म्हाताऱ्या पुढे सरकल्या. बरण्या हातोहात फिरल्या. इतकी वर्षं जे मी साहेबांना पटवू शकलो नव्हतो ते माझ्या गावानं एका संध्याकाळी समजून घेतलं, आणि मला, खरं सांगतो, चढली.

मागून भिकूदादा म्हणाला, "म्हंजे दिनू, बुलतांग मेला तर माझ्या बूर्सला सुतक काय रं?"

सगळे हसले. तो सर्वांत जास्त हसला.

"भावकी म्हटली की सुतक आलंच, दादा," मी म्हणालो.

मग अजून मोठं हसू झालं, चहा आला, आणि शेवटची बस पकडून मी घरी आलो.

पुढे काही आठवड्यांनी गावात एका घरी बारशाचं जेवण झालं. जेवलेल्यांपैकी काहीजण आजारी पडले. ओठांना मुंग्या, गार पाणी लावलं तर चटका, पाय ओढत चालणं. ही लक्षणं आम्हाला ठाऊक आहेत. कड्याबाहेरच्या समुद्रातल्या उथळ्यांवरून आणलेल्या मोठ्या माशांत कधी कधी असलं विष साठतं, आणि त्या घरी तसा एक मोठा मासा कुणीतरी भेट म्हणून आणला होता. सगळे बरे झाले. पण त्याच पातेल्यात रुक्मावहिनीकडून घेतलेले बूर्सही होते. आणि बैठकेतली संध्याकाळ लोकांच्या ध्यानात होती.

रविवारी भिकूदादा आणि वहिनी आमच्या दारात उभे राहिले. वहिनीनं टब खाली ठेवला. वरचं ओलं गोणपाट तिनं बाजूला केलं. सगळे बूर्स तसेच होते, सोललेले, पांढरे.

"एक बी गेला नाय, भावजी," ती म्हणाली. "दार उघडतात, टब बगतात आनि दार लावतात. ती कोपऱ्यावरची क्रेओल बाय काय म्हनली? 'तो बोफ्रेर फिन् दिर बूर्स फामी आर बुलतांग.' तुमीच बोललात म्हनं, बूर्स बुलतांगच्या घरातला."

"घरातला आहे," मी म्हणालो. "पण त्याचा विषाशी संबंध नाही."

"सुतक येतं बोललात तुमी. मी तिथंच बसलेली."

"ती चेष्टा होती, वहिनी."

"मला ठावं हाय. मी हसलेली बी." तिनं गोणपाट परत नीट केलं. "सुतक एका घरातनं दुसऱ्या घरात कसं जातं ते सगळ्यांना ठावं हाय. तिकडं मरतं कोन, केस कापतं कोन. विष तसंच जातं, असं लोकांनी धरलं."

हे मी आधी ओळखायला हवं होतं. नातं म्हणजे फक्त कुठून आलो ते, असं मला वाटत होतं. आमच्या लोकांच्या मनात नातं म्हणजे काय काय वाटून घ्यावं लागतं ते. भावकी हा शब्द मी उचलला आणि त्याच्यासोबत जे येतं ते माझ्या ध्यानातच आलं नाही.

दादा आत येऊन खुर्चीवर बसला. माझ्या बायकोनं, मालूनं, त्याच्यासमोर चहा ठेवला. तो म्हणाला, "तू परत ये. बैठकेत उभा ऱ्हा आनि बोल, बूर्समंदी विष नाय. दोन शब्द. तुजं ऐकतील."

मी येतो म्हणालो. आणि त्या आठवड्यात मी वाचायला बसलो. बुलतांगचं विष हे त्याच्या रक्ताचं नसून खाण्यातून किंवा जंतूंकडून त्याच्याकडे येतं, असं तेव्हा संशोधक म्हणू लागले होते. हे माझ्या उपयोगाचं होतं. पण वाचता वाचता दुसरंही सापडलं. दूरच्या बेटांवर, बाहेरच्या उथळ्यांवर धरलेल्या मोठ्या बूर्सनं माणसं आजारी पडल्याच्या नोंदी होत्या. थोड्या, पण होत्या. दादाच्या सापळ्यांतले बूर्स लहान, कड्याच्या आतले. त्यांनी कुणाला काही झाल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. पण ऐकलं नाही म्हणणं वेगळं आणि नाहीच म्हणणं वेगळं.

मालू म्हणाली, "तुला दादाचे मासे माहीत आहेत. त्यांच्याबद्दल बोल. बाकी जगातल्या बूर्सची जबाबदारी तुझ्यावर कुणी टाकली?"

तिचं बरोबर होतं. मी तसंच ठरवलं. बैठकेत उभा राहिलो, सुतकाची चेष्टा मागे घेतली, माफी मागितली. नात्यातून विष जात नाही हे सांगितलं. सगळं नीट चाललं होतं. शेवटी म्हणालो, "आपल्या पाण्यातला बूर्स साधारणपणे निर्धोक आहे."

तो शब्द आपोआप आला. वर्षानुवर्षं चिठ्ठ्यांवर आणि अहवालांत तसंच लिहिण्याची सवय. साधारणपणे, बहुतांशी, आजवरच्या माहितीप्रमाणे.

बाकावरून एकजण म्हणाला, "साधारणपणे म्हंजे? कवा नसतो?"

मी सांगायला लागलो. बाहेरची उथळी, मोठे मासे, दूरची बेटं. जितकं सांगत गेलो तितके चेहरे मिटत गेले. दादा माझ्याकडे बघत होता, मान किंचित हलवत होता, की थांब. मला थांबता आलं नाही. अर्धं सांगून थांबणं म्हणजे फसवणं, असं मला तेव्हा वाटलं.

बाहेर आल्यावर सखारामतात्या म्हणाले, "दिनू, तू लई खरा मानूस. तुज्यासंगं जेवायला बसू नये."

ते हसून म्हणाले, पण मी ते विसरलो नाही.

पुढची खटपट वहिनीची. गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे बैठकेच्या अंगणात मासळीचं जेवण होतं. उपवासाचे, गोडाचे दिवस संपलेले असतात, सगळ्यांना तिखट खायचं असतं. वहिनी म्हणाली, "भावजी, आता बोलू नका. पोरीला घेऊन या, मालूला घेऊन या. पयल्या पंगतीत बसा. मी बूर्स वाढीन. तुमी खावा. बस."

आम्ही गेलो. केळीच्या पानांवर भात पडला, वहिनीनं दाट तांबड्या रशातला मासा माझ्या पानात वाढला, मग मालूच्या, मग आमच्या मुलीच्या. मागे लोक उभे होते, गप्पा मारल्यासारखं करत. दादा विहिरीपाशी हात धूत होता, खूप वेळ.

मी तुकडा उचलला. आणि खाण्याआधी तो उजेडाकडे वळवून अंगठ्यानं मांस बाजूला केलं आणि मणके पाहिले.

मी कुठलाही मासा असाच खातो. घरी, लग्नात, कुठेही. या घराण्यात मणके कमी असतात, आणि कुठून कमी झाले ते बघण्याची हाताला सवय आहे. मी संशयानं पाहत नव्हतो. मी पाहतो आहे हेच मला कळलं नाही.

अंगणातलं बोलणं थांबलं तेव्हा कळलं.

"काय बगतो?" कुणीतरी विचारलं.

"काही नाही. मणके."

मी तुकडा तोंडात घातला, पटकन दुसरा घातला. मालूनं खाल्लं, मुलीनं आवडीनं खाल्लं, अजून मागितलं. दुसऱ्या पंगतीला लोक बसले, वहिनी वाढत गेली. पानं उचलताना मी पाहिलं. रस्सा भाताबरोबर संपला होता आणि बूर्सचे तुकडे पानांच्या कडेला तसेच होते, एकाखाली एक, नीट सरकवून ठेवलेले. आपली माणसं वाढलेल्याला नको म्हणत नाहीत. वहिनीनं ती पानं स्वतः उचलली. कुणाला मदत करू दिली नाही.

बसमध्ये मालूनं खिडकीची काच लावून घेतली. मग म्हणाली, "एकदा न बघता खाल्लं असतंस."

त्या उन्हाळ्यात दादानं होडी विकली. घेणाऱ्यानं तिच्या तळात काच बसवली आणि हॉटेलातल्या पाहुण्यांना प्रवाळ दाखवायला नेऊ लागला. एकदा मी किनाऱ्यावर तिला पाहिलं, निळा रंग दिलेली, वर छत. अंगणातले काझिए दादानं शेजाऱ्यांना कोंबड्या ठेवायला दिले. वहिनी कापडाच्या कारखान्यात लागली. पहाटे व्हॅन येते, गावातल्या बायकांना घेऊन जाते, त्या दिवसभर लोकरीच्या बाह्या जोडतात. इथे कुणाला लोकर लागत नाही, सगळं परदेशी जातं.

मी तिला भेटायला गेलो तेव्हा काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "वहिनी, माझ्यामुळे हे."

"म्हयन्याला पगार येतो, भावजी," ती म्हणाली. "समुद्रानं कवा म्हयना पाळला? आनि वादळाचं नाव निघालं की मी दारात बसून ऱ्हायची, ते बी गेलं." ती माझी समजूत घालत होती की खरंच सांगत होती, ते मला ठरवता आलं नाही. माझा आयुष्यभराचा धंदा वेगवेगळ्या गोष्टी वेगवेगळ्या फळ्यांवर ठेवण्याचा, पण हे कुठे ठेवावं ते आजही कळत नाही.

आणि लोकांचं म्हणाल, तर पुढच्या हिवाळ्यापर्यंत ते विसरले. दुसऱ्या गावचा एक माणूस मोटारसायकलवर बर्फाची पेटी घेऊन येऊ लागला. त्याच्याकडे बूर्स असायचे. कुणी त्याला भावकी विचारली नाही. ज्या बायांनी वहिनीच्या तोंडावर दार लावलं होतं, त्याच त्याची वाट बघत. भीती फार थोडी टिकली. दादा तिच्याहून थोडा कमी टिकला, एवढंच.

मी एक केलं. खात्यात नमुने धरण्यासाठी नावाडी घ्यायचा होता, तिथे दादाचं नाव सुचवलं, आणि त्याला घेतलं. त्याला पाणी ठाऊक होतं, दुसरा कुणी इतका लायक आलाही नव्हता. तरी हे करताना मी माझ्यासाठीच करतो आहे हे मला कळत होतं. आता काही वर्षं तो आमची सरकारी होडी चालवतो. खाकी सदरा घालतो, निवृत्तिवेतन मिळेल. सापळे त्यानंच विणून दिले आहेत, सरकारी खर्चानं. महिन्यातून काही दिवस आम्ही दोघं त्याच पाण्यात जातो.

गेल्या महिन्यातली सकाळ. पाणी काचेसारखं होतं. दादानं काझिए ओढून वर घेतला, गुडघ्यावर टेकवला. आत बूर्स भरले होते, चांगले, हाताएवढे, काटे उभे करून कामट्यांत अडकलेले.

"किती पायजेत?" त्यानं विचारलं.

"दोन."

त्यानं दोन काढले. काटा मोडू नये म्हणून मागच्या लहान काट्यावर अंगठा दाबला, खिट्टी सुटली, काटा खाली बसला. मग ते माझ्या बादलीत सोडले. संग्रहाला लागतात तेवढेच ठेवायचे आणि बाकीचे पाण्यात परत सोडायचे, असा आमचा नियम आहे. विकायचे नाहीत, घरी न्यायचे नाहीत. नियम चांगला आहे. मीच तो लिहून काढला होता, दादा येण्याच्या बऱ्याच आधी.

तो सापळ्याकडे पाहत राहिला.

"गावात आज शेजारच्या रामाच्या पोरीचं लगीन," तो म्हणाला. "बूर्स शोधत फिरतायत कालपास्न. मोटारसायकलवाला आलाच नाय."

मी किनाऱ्याकडे पाहिलं. कुणी नव्हतं. गेली कित्येक वर्षं जे वाक्य माझ्या तोंडून निघायला हवं होतं ते मी अखेर म्हणालो, आणि त्यात एकही जास्तीचा शब्द घातला नाही.

"घेऊन जा, दादा."

तो हसला. राग नव्हता त्यात, म्हणूनच मला खाली बघावं लागलं.

"नको," तो म्हणाला. "मी घेऊन जाईन, आनि तू म्हयनाभर झोपायचा नाहीस. मग मालू मलाच बोलंल."

त्यानं काझिएचं तोंड पाण्याकडे केलं आणि बूर्स एकेक करून सोडून दिले.